जुन्या पद्मिनीचा डावा दिवा

इंदूरमध्ये जुन्या गाडीचा हेडलाइट मंद झाल्याची तक्रार घेऊन ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेल्यास तो आधी बल्ब बदलतो, मग होल्डर बदलतो आणि तरीही उजेड पडला नाही, तर शंभर वॅटचा बल्ब बसवण्याचा सल्ला देतो. आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या डाव्या दिव्यासाठी हे सर्व उपाय मला सुचवले गेले. पहिल्या दोहोंचे पैसे मी मोजले. तिसरा मात्र मी ठामपणे नाकारला, कारण 60/55 वॅटच्या बल्बसाठी घातलेली जुनी वायर आणि स्विच त्या भाराने तापून वितळू शकतात.

दिवा विझत नव्हता, केवळ पिवळट जळत होता, आणि खंडव्याकडून परतताना भेरू घाटाच्या वळणांवर रस्त्याची डावी कड दिसेनाशी होत होती. दुकानातील कारागिराने मल्टिमीटरची दोन टोके वायरला लावून ‘बीप’ ऐकवला आणि म्हणाला, “बाबूजी, तार तो बराबर है.” या एका बीपवर त्याचा इतका विश्वास होता, की पुढचे काहीही तपासण्यास तो तयार होईना. वास्तविक त्या चाचणीत मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतो. वायरचा एकच तंतू शाबूत असला किंवा जोडावर गंज असला, तरी तेवढा प्रवाह पार होतो आणि बीप वाजतो. बल्बला मात्र साडेचार-पाच अँपिअर लागतात आणि खरा अडथळा त्या भाराखालीच उघड होतो. हे समजावून सांगितल्यावर त्याने पुन्हा बीप वाजवून दाखवला.

अखेर रामबागेतील घरी मीच मीटर घेऊन बसलो. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट होते, तर डाव्या बल्बच्या पिनांमध्ये केवळ 10.8. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे बल्बच्या अर्थिंगच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणाऱ्या जोडणीच्या, पिनेला लावले. तेथे जवळपास शून्य दिसायला हवे होते, दिसले 2.4 व्होल्ट. गाडीचे डेंटिंग-पेंटिंग झाले, तेव्हा अर्थिंगचा बोल्ट ताज्या रंगावरच कसला गेला होता आणि रंगाखाली गंज धरला होता. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून बोल्ट कसल्यावर आकडा 0.1 वर आला. तो क्षण, खरे सांगायचे तर, मला फार सुखाचा वाटला.

याची एक खूण आधीच दिसत होती: डिपर (खाली पडणारा झोत) लावला असतानाही डॅशबोर्डवरचा अपरचा (लांब पडणाऱ्या झोताचा) निळा दिवा पुसट पेटत असे. डाव्या बल्बला अर्थिंगचा सरळ मार्ग न मिळाल्याने प्रवाह त्याच्याच दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा फिरून उजव्या दिव्याकडे जात होता. अशी खूण दिसल्यास बल्ब विकत घेऊ नये. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, तरी उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे दीड-दोन व्होल्टची गळती क्षुल्लक मानता येत नाही.

धन बाजूची उरलेली 0.7 व्होल्टची गळती फ्यूजच्या पट्ट्यांत आणि जुन्या स्विचमध्ये होती. डिपर आणि अपर यांना स्वतंत्र रिले, म्हणजे जुन्या स्विचच्या क्षीण प्रवाहाने चालून बॅटरीचा प्रवाह थेट बल्बला देणारे विद्युत स्विच, लावल्यावर बल्बवर 13.6 व्होल्ट मिळू लागले. रिलेच्या 30 क्रमांकाला बॅटरीची वायर, 87 ला बल्ब, 86 ला स्विचकडून येणारी जुनी वायर आणि 85 ला अर्थिंग जोडावे. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कसलेही संरक्षण नसते. आणि हे आधीच सांगायला हवे होते: पाना हातात घेण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे.