एअरपोर्टच्या भिंतीपलीकडचे माग

मी इचलकरंजीचा, सुताच्या एक्स्पोर्टमधे क्वालिटी बघतो. म्हणजे सूत विकायचं काम दुसरे करतात आणि बोंब आली की निस्तरायला मी. फेब्रुवारी २०२५ मधे अशीच एक बोंब आली, व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीतून. एका छोट्या मागवाल्या बाईंनी आमचं ४० काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) कॉटन घेतलेलं, कापड रंगवल्यावर आडवे पट्टे दिसायला लागले. साहेबांनी निघताना सांगितलं, क्लेम मान्य करायचा नाही, डाईंगवर ढकल आणि रात्रीच्याच विमानानं परत ये.

रात्री परत यायची भाषा जमत होती कारण पत्ता बघितला तर एअरपोर्ट आणि बाईंचा कारखाना एकाच भागात, तान बिन्ह. तिकडं शहराचेच जिल्हे पाडलेले असायचे, हा त्यातला एक. २२ चौरस किलोमीटर एवढाच, माणसं पावणेपाच लाखाच्या आसपास, आणि त्यातली तिसरा हिस्सा जमीन एकट्या तान सन न्हात एअरपोर्टनं खाल्लेली. मग उरलेल्यात लोक कसे राहत असतील ते विमान उतरतानाच कळतं. पत्र्याची छपरं, गच्चीवरच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे सगळं इतकं जवळ की मला वाटलं चुकून कुर्ल्यावरनंच परत उतरतोय.

तान सन न्हात हे मुळात गावाचं नाव, फ्रेंचांनी १९३० च्या दशकात तिथं धावपट्टी केली, मग अमेरिकनांच्या युद्धात ते जगातल्या सगळ्यात बिझी विमानतळांपैकी एक झालं, आणि शहर वाढत वाढत येऊन त्याला चारी बाजूंनी चिकटलं. मी गेलो तोवर २ कोटी ८० लाख प्रवाशांची सोय आणि २०१९ लाच आकडा ४ कोटींच्या घरात. आणि गंमत म्हणजे कंपाउंडच्या आत लष्कराच्या जागेवर चक्क गोल्फ कोर्स आहे. मी गेलो तेव्हा तिसऱ्या टर्मिनलचं काम उरकत आलेलं, एप्रिलमधे सुरू झालं ते.

घ्यायला एजंटच्या ऑफिसातली मुलगी आली होती स्कूटर घेऊन. पहिला प्रश्न, तुमचं वय काय? मी म्हटलं कशाला पाहिजे? तर त्यांच्या भाषेत समोरचा मोठा का लहान ते कळल्याशिवाय 'तू' 'तुम्ही' काही म्हणताच येत नाही, दादा, काका, मामा असं नात्यावरनंच बोलायचं. मी 'अन्ह' ठरलो, म्हणजे दादा. बाईंना म्हणायचं 'को', म्हणजे आत्या.

बॅग पुढं पायात, मी मागं, आणि त्रुओंग सन रस्त्यावर स्कूटरींचा जो काही पूर होता त्यात आम्ही शिरलो. पुढं लांग चा का नावाचा मोठा सर्कल लागतो. तिथं पूर्वी एका फ्रेंच बिशपची समाधी होती, १९८३ मधे काढून टाकली, पण लोक अजून चौकाला समाधीच्याच नावानं ओळखतात. आपल्याकडं टॉकीज पडून वीस वर्षं झाली तरी स्टॉप टॉकीजचाच राहतो तसं. मग होआंग वान थू रस्त्यानं सरळ बाय हिएनचा चौक, कोपऱ्यावर मोठं हॉस्पिटल, आणि तिथून डावीकडं ली थुओंग किएत रस्त्यानं गेलं की तान बिन्ह मार्केट, कापडाचा होलसेल बाजार. बाय म्हणजे सात. हिएन नावाचा कुणी सातवा होता म्हणे. पण दक्षिणेत थोरल्या पोराला 'दोन नंबर' म्हणतात, एक नंबर कुणालाच देत नाहीत, म्हणजे हा सातवा खरा सहावा. स्कूटरवर हे ऐकून मी बोटं मोजत बसलो.

गल्लीत वळलो आणि आवाज आला. खट्‌ खटाक्‌ खट्‌ खटाक्‌. अहो, साडेतीन हजार किलोमीटर लांब येऊन कानावर आमच्या गल्लीचाच आवाज! अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. बाय हिएन ही विणकरांची वस्ती. मध्य व्हिएतनाममधल्या क्वांग नाम भागातले विणकर विसाव्या शतकाच्या मध्याला इकडं आले, येताना माग आणले, नूडल आणले, बोलायची ढबही आणली. एके काळी इथं घराघरात माग होते. मग चायनाचा माल स्वस्तात आला, शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारी वाढल्या, आणि माग भंगारात गेले. ही गोष्ट मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. आत्यांकडं सहा माग उरलेले, सगळे धोट्याचे.

साठीच्या बाई, पायात स्लीपर, बोलणं कमी. कापडाचा तागा टेबलावर उलगडला. पट्टे होते, चांगले ठळक. मी तयारीनंच आलेलो, डाईंगला पाण्याचा प्रॉब्लेम असेल, बॅच बदलली असेल वगैरे. पण टेप लावली आणि तोंड बंद झालं. प्रत्येक पट्टा साधारण दीड फुटाचा, सुरू होतो धारेत, संपतो धारेत. रंगाचा दोष असला तर तो असा पट्टी मारल्यासारखा तुटत नाही. दीड फूट म्हणजे एक कांडी, धोट्यात बसते ती आडव्या धाग्याची गुंडाळी. एक कांडी संपली, दुसरी लागली, शेड बदलली. म्हणजे दोष आडव्या धाग्यात, म्हणजे सुतात, म्हणजे आमच्यात.

तरी मी म्हटलं, कांड्या भरताना दुसरं सूत मिसळलं असेल. मुलीनं ते सांगितलं, आत्या काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि न फोडलेला कार्टन आणून समोर ठेवला. आमची टेप, आमचं लेबल, एकच लॉट नंबर. मी स्वतः कापला. माझ्याकडं यूव्ही टॉर्च असते, लाईट बंद करून कोनांवर, म्हणजे सूत गुंडाळलेल्या शंकूंवर, मारला. अर्धे कोन निळसर, अर्धे पिवळट! कापूस वेगळा, मिक्सिंग वेगळं, आणि दोन्हीच्या आतल्या कागदी कोनाची टीप, म्हणजे टोक, एकाच रंगाची. गिरणीत पॅकिंगला दोन लॉट एकात बांधले होते. अंधारात आम्ही तिघं उभे आणि बाहेर विमान चढल्याचा आवाज, दर दोन-तीन मिनिटाला एक.

लाईट लावला तर आत्यांनी ड्रॉवरमधून दोन तुकडे काढले. दोन्ही प्रकारच्या कोनांच्या कांड्या वेगवेगळ्या भरून, वेगवेगळे विणून, एकाच भांड्यात रंगवलेले. म्हणजे त्यांना आधीपासून सगळं माहीत होतं! मी विचारलं, मग मेलमधे का नाही पाठवलं? तर म्हणाल्या, पाठवलं असतं तर तुम्ही आला नसता, आणि मेलवर कुणीही काहीही म्हणतं. मला लाजल्यासारखं झालं, पण बाईंचा रागही आला थोडा, कारण सकाळपासून माझी परीक्षाच चालली होती.

साहेबांना फोन लावला. आधी आरडाओरडा, मग शांतता, मग "टॉर्चचे फोटो पाठव."

जेवणाचं मी घाबरलेलो, शाकाहारी माणूस. पण तो दिवस निघाला १२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा, त्यांच्या वर्षातली पहिली पौर्णिमा, त्या दिवशी अनेक लोक मांस-मासे खात नाहीत. शाकाहारीला शब्द काय तर 'चाय'. मी दोनदा चहा नको म्हणालो. जवळच्या बा होआ बाजारातून क्वांग नामच्या नूडल आल्या, हळदीनं पिवळ्या, रस्सा बुडाला जेमतेम, वर शेंगदाणे आणि तिळाचा भलामोठा पापड मोडून. हळद आणि शेंगदाणे दिसल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही, दोन वाट्या खाल्ल्या. जेवून आत्या गियाक लाम पॅगोड्याला निघाल्या, १७४४ चा आहे तो, त्यांच्या घरापासून जवळच. मागं आम्ही दोघं बसून राहिलेले सगळे कार्टन टॉर्चनं तपासले. निळे एकीकडं, पिवळे एकीकडं. सांगितलं, असे वेगळे वापरा, पट्टा येणार नाही, आणि रंगवलेल्या मालाचं क्रेडिट नोटमधे, म्हणजे बिलातून वजा करून, बघू.

रात्री एअरपोर्टला एक्स-रेवर बॅगेतले दोन सॅम्पल कोन बघून सिक्युरिटीवाल्यानं बाजूला घेतलं. इंग्रजीत 'यार्न' त्याला कळेना. मी म्हटलं "बाय हिएन" आणि हातानं धोटा मारून दाखवला. हसला आणि सोडलं.

क्रेडिट नोट निघाली, गिरणीत टीपचे रंग लॉटप्रमाणे वेगळे झाले. जुलैत आत्यांची पुढची ऑर्डर आली आणि आमचे दिवाणजी वैतागले, पत्ता जुळत नाही, बँक कागद परत करणार. झालं असं की १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामनं हे मधले जिल्हेच काढून टाकले, तान बिन्हचे सहा वॉर्ड केले आणि त्यातल्या एकाचं नाव ठेवलं बाय हिएन. दिवाणजी म्हणाले, "तान बिन्ह जिल्हा गेला कुठं?" मी म्हटलं, "जिल्हा खोडा, बाय हिएन लिहा. माग तिथंच आहेत."