४६ नंबरची दाढ

गटारीच्या रात्री आमच्या घरी कुर्ल्या असतात. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि मग गणपती जाईपर्यंत मासळीचं नाव नाही, त्यामुळे त्या रात्री कोणी हात आखडत नाही. त्यात अवसेच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पुनवेच्या पोकळ, हे मालवणात शेंबडं पोरही सांगेल.

आणि कुर्लीचे डेंगे, म्हणजे खेकड्याच्या मोठ्या नांग्या, फोडायचं काम माझं. मुलगी लहान होती तेव्हापासून. डेंगा आडवा धरायचा, सांध्याच्या जरा वर खालच्या उजव्या दाढेवर ठेवायचा आणि एकदाच दाबायचं. दोनदा दाबलं की कवचाचा चुरा होतो आणि खाणाऱ्याच्या तोंडात मांसाबरोबर कचकच येते. बायको म्हणायची वरवंटा घ्या, अडकित्ता घ्या. पण ज्याची दाढ शाबूत आहे त्याने अडकित्ता कशाला घ्यावा? माझी मिजास होती ती, कबूल करतो.

तर त्या रात्री कट् असा आवाज आला. डेंगा बघितला तर तो जसाच्या तसा.

ताटाच्या कडेला थुंकलो. तिखल्यात लाल झालेला तुरीच्या डाळीएवढा तुकडा. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने करवतीसारखा. मी तो मुकाट्याने कवचांच्या ढिगात सरकवला आणि उरलेला भात डाव्या बाजूने जेवलो. कोणाला काही बोललो नाही. पण जीभ ऐकेना. रात्रभर ती तिथे जाऊन चाचपत होती. आरशात बघितलं तर एवढीशी खाच, जिभेला मात्र ती विहिरीएवढी वाटत होती.

खरं सांगायचं तर दाढेने आधी निरोप पाठवला होता. होळीपासून काही कडक चावलं की कळ यायची, आणि ती चावताना नाही, दात सोडताना. काजू चावला, काही नाही. तोंड उघडलं की वीज. मी उजवीकडचं जेवण डावीकडे नेलं आणि विषय मिटवला. पतसंस्थेतल्या एका सहकाऱ्याने रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायला सांगितलं, 'किडो भायर पडतलो' म्हणाला. दातात किडा नसतो हे मला ठाऊक होतं, गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि दात झिजवतात, एवढं शाळेत शिकलोय. धुरी नाही घेतली. लवंग मात्र धरली दाढेत. लवंगेने हिरडी बधिर होते, चिरलेली दाढ काही सांधत नाही.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात कुडाळला गेलो. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. 'काका, आ करा' म्हणाली. आतापर्यंत मला काका म्हणणारे सगळे माझ्या ओळखीचे होते. तोंडात आरसा घालून ती मदतनीस मुलीला म्हणाली, 'फोर सिक्स'. तिने कार्डावर ४६ लिहिलं. मी आ केलेल्या तोंडानेच ५२ सांगायला लागलो. वय लिहिलं असं वाटलं मला. डॉक्टर हसली. म्हणाली, काका, तुमचं वय नाही, दाढेचा नंबर आहे. तोंडाचे चार भाग, खालचा उजवा चौथा. त्यात पुढून मोजत गेलं की सहावी ही. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुधाचा दात न पडता, मागच्या रिकाम्या जागेत गुपचूप. घरच्यांना बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही.

५२ मधून ६ गेले. परत ४६. परत येताना गाडीत मला ते आठवून हसू येत होतं, पण अर्धं तोंड बधिर, हसू कुठून निघणार.

मोडायचं कारणही तिने नीट सांगितलं. बारावीत असताना त्या दाढेत चांदी भरली होती. चांदी म्हणायचं, निम्मा तर पारा असतो त्यात. ती बसवायला दाढेचं पोट कोरावं लागतं आणि कडेच्या भिंती पातळ राहतात. त्यावर पस्तीस वर्षांचे डेंगे, आठळ्या, सुपाऱ्या. माझ्या डोक्यात लगेच आमची मागची पडवी आली. जांभ्याचा चिरा बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून पावसाने पोकळ झालेला असतो. दाताचं वरचं आवरण शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, हाडाहूनही कठीण, पण एकदा गेलं की परत येत नाही. हाड जुळतं, कातडी भरते, दाताला ती सोय नाही.

रूट कॅनालला तीन खेपा झाल्या. दुखलं का? नाही. कंटाळा आला. दाढेला मुळं दोन, आतल्या वाटा तीन, आणि प्रत्येक वाटेत बारीक सुया घालून वरखाली घासायचं. मधेच एक यंत्र टीं टीं करतं, म्हणजे सुई मुळाच्या टोकाशी पोचली. मग कसलंसं पाणी सोडतात, त्याचा वास थेट पाण्याची टाकी धुतल्यासारखा. तोंडाला रबराचा पडदा, डोळ्यांवर दिवा. पहिल्या खेपेला बाहेर पडून कुडाळच्या स्टँडवर चहा घेतला आणि अर्धा शर्टावर सांडला. ओठ आपला नसतोच त्या वेळी. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने न विचारता रुमाल पुढे केला. त्याच्या स्वतःच्या तोंडात एक दात नव्हता. धामापूरचा तलाव येईपर्यंत मी त्या रुमालाचाच विचार करत होतो, तो माझ्याच खिशात राहिला होता.

बाकीची लक्षणं किरकोळ म्हणायची. चाळीशी लागून सात वर्षं झाली. डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं दिसेनासं होतं, हे कोणालाच चुकत नाही. पतसंस्थेच्या खिडकीत बसून लोकांच्या सह्या हात लांब करून बघायचो, तेव्हा एक आजी म्हणाली, 'रे, सही माझीच आसा, लांबसून कित्याक बघतंस?' दुसऱ्या दिवशी चष्मा आणला. माडावर चढणं चार वर्षांपूर्वी सोडलं, आता पाडेली येतो. उकिडवं बसून उठताना हात भिंतीला जातो, तो कधीपासून जायला लागला ते आठवत नाही. ह्या सगळ्याचं मला फारसं वाटलं नाही. डेंग्याचं वाटलं.

कॅप बसवताना डॉक्टरने बजावलं, 'काका, ह्याने हाड नाही, सुपारी नाही, खेकडा तर नाहीच.' मी मान डोलावली. चोरट्यासारखी.

घरी आईला सांगितलं. ती ७८ वर्षांची. तिचे दात मशेरीने गेले. पहाटे चुलीपुढे बसून तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची आणि बोटाने घासत बसायची, ते मला अजून दिसतं. हिरड्या सैल झाल्या आणि दात एकेक करून हातात आले. कवळी केली आहे, पण ती स्टीलच्या पेल्यात पाण्यात असते. लग्नाला आणि फोटोला घालते, जेवताना काढून ठेवते! माझं ऐकून म्हणाली, 'एक दाढ गेली तर एवढो दुखवटो?'

गेली नाही, कॅप बसवली, असं मी म्हणालो. तिने ते ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं.

गणपती गेले, म्हाळ झाले, नवरात्र सरलं. मग एका संध्याकाळी खाडीतल्या कुर्ल्या मिळाल्या. मी ताटावर बसलो आणि डेंगा हातात घेऊन तसाच राहिलो. मुलगी मुंबईला, बायकोने अडकित्ता शोधायला सुरुवात केली. आई उठली, देवघराच्या खालचा खण उघडला आणि बाबांचा पितळी खलबत्ता आणून माझ्यापुढे ठेवला. दात गेल्यावर बाबा त्यात पान-सुपारी कुटायचे. तो टणटण आवाज काढून मी आणि माझा भाऊ लहानपणी त्यांची नक्कल करायचो. अजून आत काताचा लाल डाग आहे.

बत्ता हलका आहे. डेंगा उभा ठेवून अगदी हलकं मारलं तरी कवच बरोबर मधे चिरतं, दाढेपेक्षा सरळ. मांस अख्खं बाहेर येतं. दोन फोडून झाले तेव्हा आईने स्वतःच्या ताटातले डेंगे माझ्याकडे सरकवले.

आई डेंगे खात नाही. निदान गेली बारा वर्षं मी असं समजत होतो. 'माका नको, त्येच्यात काय आसा' म्हणून ती आपले डेंगे माझ्या ताटात टाकायची आणि मी ते कटाकट फोडून खायचो, तिच्यासमोर.

'माझे पण फोड', ती म्हणाली.

फोडून दिले. कवळी पेल्यातच होती. आईने डेंग्यातलं मांस दोन बोटांनी काढलं, हिरड्यांवर दाबलं आणि डोळे मिटून रस चोखत राहिली. मग बोटं चाटून पुढचा मागितला.