लग्नाचा वाढदिवस तारखेने, अलिबाग तिथीने

"लग्नाचा वाढदिवस येतोय. दोघंच जाणार, दोन रात्री. समुद्र हवा, गाव जुनं हवं, आणि नागपूरहून जमायला हवं. कुठे जावं?" नागपुरात हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतो की एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: अलिबागला जा. पण खोली शोधण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उघडा आणि त्या आठवड्यातली तिथी बघा.

आपण झिरो माइलवाले, देशाच्या मध्यावरचे. समुद्र दोन्ही बाजूंना लांबच. आपल्या फुटाळा तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही, हे आपल्या हिशेबात येतच नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. चुकीच्या तिथीला गेलात तर किनाऱ्यावर उभं राहून फोटो काढून परत यावं लागतं, आणि हौसेने आखलेल्या सहलीतली सगळ्यात सुंदर संध्याकाळ वाया जाते.

हिशेब सोपा आहे, कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी सव्वापाचला. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला, आणि निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर ताडून घ्या.

आता दोघांसाठी सगळ्यात छान दिवस कोणता? शुक्ल त्रयोदशी किंवा चतुर्दशी. ओहोटी दुपारी पावणेचार ते साडेचारच्या दरम्यान येते. ऊन उतरलेलं असतं. पौर्णिमा जवळ असल्याने उधाणाचे दिवस, त्यामुळे भरती जितकी मोठी तितकीच ओहोटीही खोल, आणि किल्ल्याची वाट चांगली उघडी पडते. शिवाय सूर्य मावळतो तेव्हा मागे माडांवर चंद्र आधीच वर आलेला असतो, किनारा अंधारात जातच नाही. वद्य पक्षातल्या त्याच तिथींना ओहोटी तीच मिळेल, चांदणं मिळणार नाही. सप्तमी ते नवमी मात्र टाळा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी पुरतं ओसरत नाही आणि जे ओसरतं ते भर दुपारी बारा-एकला.

तारीख चार-सहा दिवस मागेपुढे झाली तर काही बिघडत नाही. लग्नाचा वाढदिवस घरी संत्रा बर्फी आणून करा आणि सहल तिथीला न्या. आपल्याकडची बरीच लग्नं तुळशीच्या लग्नानंतरची, नोव्हेंबर-डिसेंबरातली, त्यांना हे सहज जमतं. फेब्रुवारीवाल्यांनाही. एप्रिल-मेमध्ये लग्न झालेल्यांनी एक लक्षात ठेवावं: नागपूरचे पंचेचाळीस अंश कोरडे असतात, तिथले तेहतीस अंश घामाने भिजवतात. सावलीत गेलं की बरं वाटतं ही आपली सवय तिथे चालत नाही. जून ते ऑगस्ट मुंबईच्या गेटवेहून सुटणाऱ्या लाँच बंद असतात आणि समुद्र खवळलेला, तेव्हा जाऊच नका. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडाही सोडा. लाँचला रांग आणि रस्त्याने यावं तर वाटेत वडखळला गाड्यांची कोंडी.

प्रवासाचं म्हणाल तर शुक्रवारी रात्री पावणेनऊच्या सुमाराची दुरांतो धरा, सकाळी आठच्या आसपास सीएसएमटीला उतरवते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करून टाका. सीएसएमटीहून गेटवे अडीच किलोमीटर, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. तिथून अलिबागजवळच्या मांडवा बंदराची लाँच साधारण तासाभराची. बहुतेक लाँचच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, म्हणून तिकीट फेकू नका, बसमध्ये पुन्हा दाखवावं लागतं. लाँच लागणाऱ्यांनी वरच्या डेकचा मोह सोडून खाली मागच्या बाजूला बसावं, कारण तिथे हेलकावे कमी लागतात. नाश्ता हलका करा. गाडी सोबत हवी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट आहे, पण नागपूरहून आलेल्या दोघांना गाडीची गरज नाही. अलिबागला रिक्षा मिळतात.

सगळ्यात जास्त चूक परतीच्या तिकिटात होते. सीएसएमटीहून नागपूरची दुरांतो रात्री बारानंतर सुटते. म्हणजे रविवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट सोमवारच्या तारखेचं काढायचं. रविवारचं काढलंत तर तुम्ही अलिबागला जेवून झोपलेले असाल आणि गाडी निघून गेलेली असेल. सोमवारी घरी पोचेपर्यंत दुपार होते, तेवढी रजा आधीच टाका. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सातच्या सुमाराला निघते. ती धरायची तर मांडव्याहून तीनच्या आसपासची लाँच हवी, आणि रविवार अर्धाच हाती राहतो. कोणतीही गाडी असो, मांडव्याहून शेवटची लाँच किती वाजता ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ती चुकली तर वडखळमार्गे रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर.

खोली कुठे घ्यावी? नागपूरहून फोन करताना सगळंच "अलिबाग" म्हणून विकलं जातं. किहीम, वरसोली, आक्षी, नागाव, रेवदंडा ही वेगवेगळी गावं आहेत. नागावला शनिवार-रविवारी मोठमोठे ग्रुप आणि स्पीकर असतात. दोघांसाठी आक्षी किंवा रेवदंड्याच्या बाजूची, नारळी-पोफळीच्या वाडीतली घरगुती सोय आम्हाला उजवी वाटते. फोनवर चार गोष्टी विचारा: समुद्र पायी किती मिनिटं (गाडीने नव्हे), त्या रात्री दुसरा मोठा ग्रुप आहे का, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, आणि जेवण घरीच बनतं का. शनिवारचा दर चढा असतो. सोमवारची रजा मिळत असेल तर रविवार-सोमवार करा, पैसे आणि गर्दी दोन्ही कमी.

शनिवारी दुपारी जेवून थोडं पडा आणि ओहोटीच्या तासभर आधी किल्ल्याकडे निघा. चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल घाला. वाटेतल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी असते आणि शेवाळावर पाय सरकला की हात नेमका तिथेच टेकतो. साडी नेसायची हौस असेल तर ती संध्याकाळी किनाऱ्यावर, किल्ल्यात नको. फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

किल्ला 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. दारातून आत गेलात की घाई करू नका, तटाजवळ थांबून हात लावून बघा. दगडावर नुसता दगड ठेवला आहे, सांध्यात चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो, असं त्याचं कारण सांगतात. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं मंदिर शांत असतं, बसायला तीच जागा. मात्र ओहोटीची वेळ टळून तास होण्याआधी परतीची वाट धरा. भरतीचं पाणी समोरून येताना दिसतं तसं दोन्ही बाजूंनीही भरत असतं, आणि वाटेतला खोलगट भाग आधी भरतो. पाणी गुडघ्याला लागलं तर हट्टाने चालू नका, मागे फिरून किल्ल्यावर थांबा आणि तिथल्या माणसांना विचारा.

सूर्यास्ताची वेळ नागपूरच्या सवयीने धरू नका. अलिबाग आपल्या पश्चिमेला सहा अंशांवर आहे, सूर्य तिथे सुमारे पंचवीस मिनिटं उशिरा मावळतो. डिसेंबरात साधारण सहा, मेमध्ये सात. केक न्यायचाच तर मेणबत्ती नको, वाऱ्यात टिकत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर रात्री पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत सांगा, आदल्या दिवशीच, कारण पाला गोळा करावा लागतो. मडक्याच्या तळाला भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला, त्यावर वालाच्या ताज्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, हवी तर अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाला पाला गच्च कोंबायचा. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा आणि लाकडं पेटवतात. पाणी थेंबभरही घालत नाहीत, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब मारतात, चर्र वाजलं की झालं. पाला सैल बसला तर वाफ निघून जाते आणि शेंगा करपतात. दोघांसाठी म्हणून लहान मडकं सांगा, मोठं मडकं पाच-सहा जणांचं असतं. सावजीच्या तिखटाला सरावलेल्या जिभेला हे आधी सपक वाटेल. तिखट मागू नका, ओव्याचा आणि भांबुर्ड्याचा वास त्याखाली जातो.

रविवारची सकाळ आक्षी, चौल, रेवदंडा या एकाच रस्त्याची. आक्षीचा शिलालेख जरूर बघा. शके 934, म्हणजे इ.स. 1012, असं त्याचं एक वाचन आहे, आणि अनेक अभ्यासक त्याला मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख मानतात. पुढे चौलचं रामेश्वर मंदिर आणि पुष्करणी. चौल हे जुनं बंदर. 15व्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी तिथे उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाच्या आत आजही गाव नांदतं, आणि तटाला लागून समुद्र. तिथे फार पाटी-फलक नाहीत. सातखणीचा मनोरा विचारा, कोणीही दाखवेल. जंजिरा याच फेरीत कोंबू नका. तो अलिबागहून पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे आणि राजपुरीला होडीसाठी थांबावं लागतं, त्याला स्वतंत्र दिवस हवा.

फेब्रुवारीनंतर गेलात तर परतताना रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या दिसतील. एक घ्या. कांदे घट्ट आणि माळेची वेणी कोरडी बघून घ्या, ओली असेल तर गाडीतच कुजायला लागते. घरी वारा लागेल अशा जागी टांगली की महिनोन् महिने टिकते.