स्मृतीच्या गावात फुटबॉल कशाला?

सांगलीत मी क्रीडाशिक्षिका आहे आणि मुलींना फुटबॉल शिकवते, असं सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. लग्नात, रिक्षात, पालकसभेत. स्मृती मानधना इथलीच, मग पोरींच्या हातात बॅट द्यायची सोडून हे काय? मागच्या महिन्यात एका मुलीचे वडील तर म्हणाले, "मॅडम, कबड्डीला घाला की तिला. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात नोकरी तरी लागंल. फुटबॉलात आपल्या पोरी आठ-शून्यनं हरल्यात, मी बघितलंय." तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

ते आठ-शून्य मीही बघितलंय. 11 ऑक्टोबर 2022, भुवनेश्वर, 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक. समोर अमेरिका. सामना रात्री आठचा, म्हणून सात पोरींना घरीच बोलावलं होतं. उकडलेल्या शेंगांचं पातेलं मधे. चौथ्या गोलनंतर शेंगा सोलायचा आवाज बंद झाला. आमची लेफ्ट बॅक मात्र टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, आपल्या पोरी पास दिला की थांबतात. त्यांच्या थांबतच नाहीत." एवढं एक वाक्य. दुसऱ्या दिवसापासून आमच्या सरावात नियम आला: पास देऊन जी उभी राहील, तिनं मैदानाला एक फेरी मारायची. पहिल्या आठवड्यात निम्म्या पोरी फेऱ्याच मारत होत्या.

खरं सांगू? अमेरिकेकडून हरलो ते मला तितकं लागलं नाही. मोरोक्कोकडून हरलो ते लागलं. त्यांचाही या स्पर्धेतला पहिलाच विश्वचषक, आपलाही पहिलाच. मध्यंतरापर्यंत गोलशून्य, आणि मग 3-0. पुढं ब्राझीलकडून 5-0. तीन सामन्यांत 16 गोल खाल्ले, एकही केला नाही. आणि ज्या अमेरिकेला आम्ही डोंगर समजत होतो, तिला उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियानं पेनल्टीवर घरी पाठवलं.

आपल्या त्या संघाची कर्णधार अस्तम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या घरापर्यंत रस्ता नव्हता. ती कर्णधार झाली म्हणून प्रशासनानं रस्ता करायला घेतला, आणि त्याच रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीनं खडी टाकत होते. ही बातमी मी पोरींना वाचून दाखवली तेव्हा कुणी काही बोललं नाही. एकीनं फक्त विचारलं, "रोज किती?" अडीचशे, म्हटलं. "आमच्यात द्राक्षाला जास्त देतात."

आता आमचा हिशेब ऐका. शालेय स्पर्धा बाद पद्धतीची. पहिली मॅच हरलात की पिशव्या भरा. एका वर्षी आमच्या पोरी वर्षभर पहाटे उठून मैदानावर आल्या आणि खरीखुरी मॅच खेळल्या ती 40 मिनिटं. अख्ख्या वर्षात! मुलींचे संघच मोजके, त्यातला एखादा ऐनवेळी येत नाही, मग 'पुढे चाल' मिळते आणि तीही 40 मिनिटं जातात. तालमी-पेठांच्या संघांचं फुटबॉल आहे ते कोल्हापुरात, 50 किलोमीटरवर. तिथं शाहू स्टेडियमला गर्दी मावत नाही, पण ती पोरांच्या मॅचला. मित्रत्वाच्या सामन्यासाठी टेम्पो ट्रॅक्स ठरवायचा तर भाडं कुणी द्यायचं इथूनच सुरुवात. तेव्हा आठ-शून्य का झालं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पोरींना खेळायला मिळत नाही. बाकी आहार, उंची, जिद्द वगैरे चर्चा चहाबरोबर करायला बऱ्या.

2022 च्या विश्वचषकातली जागा आपल्याला यजमान म्हणून मिळाली होती. ऑक्टोबर 2025 मध्ये किर्गिझस्तानातल्या बिश्केकला याच वयोगटातल्या नव्या पोरी उझबेकिस्तानविरुद्ध आधी एक गोल खाऊन मागं पडल्या आणि 2-1 नं जिंकल्या. पात्रता फेरी खेळून त्या वयोगटाच्या आशियाई चषकात पहिल्यांदाच पोचल्या. सांगलीत कुणी फटाके वाजवले नाहीत. दोनच आठवड्यांनी आपण महिला क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा वाजवले, मीही वाजवले. ती फायनल नवी मुंबईच्या ज्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, तिथंच 2022 च्या मुलींच्या फुटबॉलची फायनलही झाली होती. स्पेननं कोलंबियाला 1-0 नं हरवलं होतं. स्मृतीचं मला कौतुकच आहे. पण एका गावात एकच खेळ, असा काही सरकारी आदेश निघालाय का?

त्या वडिलांना मी नोकरीबद्दल काही कबूल केलं नाही. माझ्या हातात नाही ते. एवढंच म्हटलं, शनिवारी सकाळी साडेसहाला ग्राउंडवर या, मिरजेचा संघ येतोय, आणि मैदानावर रेषांची फक्की मारायला माझ्याकडं माणूस नाही. आले. पेनल्टी बॉक्स थोडा तिरका आलाय, पण चालतंय.