तुम्ही विचारलंत म्हणून: धंदा सुरू करणं आणखी अवघड करायला हवं का?

पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडला एखाद्या शेडला आग लागली, एखादी ठेव योजना बुडाली, की हा प्रश्न हमखास येतो: "कोणीही उठून धंदा सुरू करतो, सरकार सुरुवातीलाच का अडवत नाही?" सरसकट सगळ्यांना अडवायला माझा विरोध आहे. शिवणकाम, हिशेब लिहिणं, डबे देणं, सॉफ्टवेअर यांना आजचे नियम पुरेसे आहेत. ज्या धंद्यात माणसं मरू शकतात, तिथे मात्र आजची तपासणी फार ढिली आहे आणि ती कडक व्हायलाच हवी.

"आमच्याकडे गुमास्ता (दुकाने कायद्याखालच्या नोंदीचा कागद) आहे" हे वाक्य परवान्याच्या थाटात सांगितलं जातं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लहान आस्थापनेला नोंदणीसुद्धा लागत नाही. ऑनलाइन सूचना दिली की पावती निघते. हा कायदा कामाचे तास, सुट्ट्या आणि कामगारांच्या सोयी पाहतो. लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी स्वयंघोषणेवर मिळते आणि ती मोफत आहे (पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही). जीएसटी नंबर करासाठी असतो. उरली मिळकत कराची पावती. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, पण कर भरला म्हणून ते बांधकाम अधिकृत होत नाही. चारही कागद फाइलला लागतात, फाइल जाडजूड दिसते, आणि आत काय साठवलंय हे त्यातल्या एकाही कागदासाठी कोणी तपासलेलं नसतं.

८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात केकवर लावायच्या चमचमत्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. सहा जणांचा त्याच दिवशी जीव गेला, पुढे उपचारांदरम्यान आकडा वाढला. मृतांमध्ये बहुतेक बायका होत्या. या मेणबत्तीच्या नळीत फुलबाजीसारखं जळणारं मिश्रण भरलेलं असतं. नाव मेणबत्तीचं असलं तरी हे शोभेच्या दारूचं काम आहे आणि त्याला स्फोटकांच्या कायद्याखालचे परवाने लागतात. त्याआधी ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवड्यात रासायनिक कारखान्याच्या आगीत पंधराहून जास्त कामगार गेले.

आपल्याकडे कारखाना कशाला म्हणायचं हे मुख्यतः डोकी मोजून ठरतं. महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या जागेला २० कामगारांची मर्यादा आहे, विजेशिवाय चालणाऱ्या जागेला ४०. म्हणजे पंधरा जणींना घेऊन ज्वालाग्राही भुकटी भरणारी शेड सामान्यतः या व्याख्येत येतच नाही. धोका मात्र भुकटीच्या किलोंवर, दरवाज्यांच्या संख्येवर आणि वायरिंगवर ठरतो. अग्निसुरक्षा कायद्याखाली मालमत्तेला दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी (आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) द्यावा लागतो, त्यातही गोम आहे. तो परवानाधारक एजन्सी देते आणि एजन्सीचे पैसे मालक भरतो. शिवाय नोंदच नसलेल्या शेडकडे तो फॉर्म मागणार कोण?

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. पहिल्याच ऑनलाइन अर्जात तीन गोष्टी विचारा: आत काय साठवणार, एका वेळी जास्तीत जास्त किती, आणि जागा कोणत्या झोनमध्ये आहे. स्फोटक, ज्वालाग्राही किंवा विषारी माल असेल, तर प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत काम सुरू करू देऊ नका, मग कामगार तीन असोत वा तीनशे. पाहणीत दुसरा दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडतो का, तयार माल भरायच्या टेबलापासून लांब आहे का, आणि खोलीत त्या शिफ्टपुरताच कच्चा माल आहे का, एवढं पाहिलं तरी जीव वाचतील. तोच अर्ज महावितरणकडेही जावा. घरगुती मीटरवर मशीन चालतंय हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं.

बाकीच्यांना मात्र मोकळं ठेवा. सदाशिव पेठेत विद्यार्थ्यांना डबे देणाऱ्या ताईंचं उदाहरण घ्या. लहान खाद्य व्यावसायिकाच्या नोंदणीसाठी २०११ च्या नियमांत वर्षाला १०० रुपये फी ठरली. इतकं स्वस्त असल्यामुळे लोक नोंदणी करतात. त्यात चार ना हरकत दाखले घाला, त्या एजंटकडे जातील किंवा नोंदणीच सोडून देतील, आणि मग तपासायलाही कोणी सापडणार नाही. डब्यातला खरा धोका कागदात सापडत नाही. सकाळी शिजवलेला भात दुपारपर्यंत पातेल्यात कोमट राहतो, त्यात जंतू वाढतात, आणि त्यातल्या काहींचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली. निरीक्षकाने थर्मामीटर घेऊन यावं.

ठेवींबद्दल थोडक्यात. लोकांकडून अनियंत्रित (कोणत्याही नियामकाच्या देखरेखीबाहेरच्या) ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे आणि राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९ चा आहे. कायदे पुरेसे आहेत, पहिल्या तक्रारीवर लगेच कारवाई होत नाही हे दुखणं आहे.

आणि ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते: धंदा बंद करणं. दोन मित्र हौसेने प्रायव्हेट लिमिटेड काढतात, काम जमत नाही, कंपनी तशीच पडून राहते. दोन वार्षिक फॉर्म चुकले की प्रत्येकी दिवसाला १०० रुपये, म्हणजे वर्षाला ७३ हजार, उलाढाल शून्य असली तरी. सलग तीन वर्षं फॉर्म भरले नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. खात्री नसेल तर आधी एकल मालकीत सुरू करा. कंपनी काढलीच असेल आणि चालत नसेल, तर थकलेले फॉर्म भरा, जीएसटी रद्द करून तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न द्या, बँक खातं बंद करा आणि मग एसटीके-२ (कंपनीचं नाव नोंदवहीतून काढण्याचा अर्ज) दाखल करा. हे जितकं लवकर कराल तितका खर्च आवाक्यात राहतो.