स्कोर फक्त ४ होता

एप्रिल २०२१ ला आमच्या घरात सगळ्यांनाच कोविड झाला, तेव्हा फोनवर जो तो एकच विचारायचा, स्कोर किती? सासऱ्यांचा एचआरसीटी स्कोर (छातीच्या स्कॅनवरून फुफ्फुसाला किती बाधा झाली ते सांगणारा २५ पैकी आकडा) १४, नऊ दिवस ॲडमिट, ऑक्सिजन लागला. माझा ४. घरीच होते, पाच दिवस ताप आणि वास गेला, बास. सगळे म्हणाले तू सुटलीस.

सासरे दिवाळीपर्यंत पहिल्यासारखे फिरायला जायला लागले आणि मी तिथेच अडकले. मी अकाउंट्सला आहे, व्हाउचरवरचा आकडा एक्सेलमध्ये टाकेपर्यंत डोक्यातून जायचा, घरी कुकरच्या शिट्ट्या दोन झाल्या की तीन तेच कळेना, तळपायाला मुंग्या, उभं राहिलं की धडधड आणि डोळ्यापुढे अंधारी. पहिल्या डॉक्टरांनीही स्कोरच विचारला, ४ म्हटल्यावर म्हणाले मग काही नाही, टेन्शन घेऊ नका. त्या दिवशी मी रिक्षात रडले, कारण मलाच वाटायला लागलं की मी नाटक करतेय.

पुढचे न्यूरोलॉजिस्ट चांगले भेटले. एमआरआय नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, बी१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं घेतल्यावर मुंग्या थोड्या कमी झाल्या, बाकी जैसे थे. मग त्यांनी मला आडवं करून पल्स मोजली, ७२, आणि दहा मिनिटं उभं ठेवून परत मोजली तर ११२. उभं राहिल्यावर पल्स ३० ठोक्यांहून जास्त वाढली आणि असा त्रास महिनोन् महिने असेल तर त्याला पॉट्स म्हणतात. इतकी साधी तपासणी, आधी कोणीच केली नव्हती! ते म्हणाले, स्कोर फुफ्फुसाचा असतो, मेंदूचा आणि नसांचा नाही. ॲडमिट झालेल्यांना अशा मागे राहणाऱ्या त्रासाचा धोका जास्त असतो हे खरं, पण शिकागोत ॲडमिट न झालेल्या १०० जणांना तपासलं होतं, त्यात ८१ टक्क्यांना ब्रेन फॉग (डोक्यात धुकं, काही लक्षात न राहणं) आणि ६० टक्क्यांना मुंग्या-बधिरपणा होता. अर्थात ते सगळे त्रास आहे म्हणूनच तिथे आलेले, तरी ते ऐकून मला केवढा धीर आला.

उपाय म्हणजे पाणी आणि मीठ वाढवलं (बीपी हाय असेल तर हे स्वतःच्या मनाने करू नका), घट्ट स्टॉकिंग्ज, आणि दमायच्या आधी थांबायचं, हे सगळ्यात अवघड गेलं. वासासाठी लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब रोज दोनदा हुंगायचं. वर्षभराने धडधड बरीच कमी झाली, मार्च एंडिंगला मात्र डोकं अजून जड होतं आणि कुकरला टायमर लावते.

तुम्हाला असं होत असेल तर डॉक्टरांकडे जाताना आडवं आणि उभं राहून घेतलेली पल्स आठवडाभर वहीत लिहून न्या.