हिंजवडी ते चाकण: नेट नसलेल्या सर्व्हरवर बिल्ड नेताना

तळेगावमार्गे चाकण एमआयडीसीला जायचं तर हिंजवडीतून सातच्या आत निघा. उशीर झाला की चाकणच्या तळेगाव चौकात गाडी अडकलीच समजा. कारखान्याच्या गेटवर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घेतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. परवानगीचा मेल नसेल तर पेनड्राइव्ह बाहेरच राहतो, म्हणून तो मेल आदल्या दिवशीच मागवा. ज्या सर्व्हरवर आपलं बिल्ड (चालवायला तयार केलेला प्रोग्रॅम) टाकायचं, त्याला नेट नाही. एक लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणारी तयार कोडची फाइल) विसरली की पुन्हा हिंजवडी.

या खेपेच्या पॅकेजमध्ये आपल्या कोडपेक्षा तयार बायनरीच (मशीन थेट चालवतं अशा फाइल) जास्त: स्कॅनरच्या व्हेंडरने दिलेली एसओ फाइल (लिनक्सची लायब्ररी), एन्क्रिप्शनची ओपनएसएसएल, जावासोबत येणारे नेटिव्ह, म्हणजे थेट मशीनच्या कोडमधले, तुकडे. बिल्ड उबंटू २२.०४ वर झालेलं, समोर सर्व्हर रेड हॅट ८; लिनक्स दोन्ही, पण वेगवेगळे. प्रोग्रॅम चालवताच पहिलीच ओळ आली: ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’.

जीलिबसी म्हणजे या लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ लायब्ररी. उबंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ असते, रेड हॅट ८ मध्ये २.२८. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट चालत नाही. आणि दरवेळी २.३४ च का? त्या आवृत्तीत पीथ्रेड (एकाच वेळी अनेक कामं चालवणारी लायब्ररी) मुख्य लायब्ररीत सामावली गेली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नव्या आवृत्तीचा शिक्का लागला. त्यामुळे साधं हॅलो वर्ल्डसुद्धा तिथे अडतं. सर्व्हरवर नवी जीलिबसी नेऊन टाकायचा मोह होतो, तो टाळा. लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) आणि जीलिबसी जोडीचे असावे लागतात, नाहीतर प्रोग्रॅम कोसळतो. रेड हॅट ८ शी जुळणाऱ्या रॉकी लिनक्स ८ च्या कंटेनरमध्ये (आपल्याच मशीनवर वेगळं चालणारं लिनक्स) बिल्ड करा, प्रश्न मिटतो.

व्हेंडरची फाइल मात्र आपल्याला पुन्हा बांधता येत नाही. निघण्यापूर्वी तिच्यावर फाइलच्या आतलं दाखवणारी ‘ऑब्जडंप’ कमांड मोठ्या टी पर्यायासह चालवा, जीलिबसीचा सर्वांत मोठा आकडा बघा. २.२८ च्या वर गेला तर व्हेंडरकडे जुन्या प्लॅटफॉर्मचं बिल्ड मागा. लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणाऱ्या ‘एलडीडी’ने सगळं ठीक दाखवलं म्हणून निर्धास्त राहू नका: प्रोग्रॅम चालू असताना डीएलओपन या फंक्शनने उघडलेल्या लायब्ररी त्यात दिसत नाहीत. एलडी-डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला (टर्मिनलमधली सेटिंग) ‘लिब्ज’ किंमत देऊन एकदा पूर्ण काम चालवलं की त्या उघड्या पडतात.

लायब्ररी शोधायची वाट बायनरीतच लिहा: ‘पॅचएल्फ’ या टूलने आरपाथ (लायब्ररी शोधायचा रस्ता) ‘$ओरिजिन/../लिब’ असा द्या, $ओरिजिन म्हणजे बायनरी असलेलं फोल्डर, तोही एकेरी अवतरणात, नाहीतर शेल डॉलर गिळून टाकतो. तोच रस्ता टर्मिनलमधून सांगणाऱ्या एलडी-लायब्ररी-पाथवर भिस्त ठेवू नका. तुमच्या टर्मिनलमध्ये चालतं आणि सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) सुरू केलेल्या सर्व्हिसला ते कळतही नाही.

पेनड्राइव्हचं दुखणं वेगळंच. पेनड्राइव्हच्या फॅट३२ फॉरमॅटवर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) टिकत नाही, एक्झिक्यूटची, म्हणजे फाइल चालवण्याची, परवानगी टिकत नाही आणि एक फाइल ४ जीबीच्या आतच लागते. म्हणून सुटं फोल्डर कॉपी करू नका. सगळ्याची एकच टार फाइल करा, मोठी झाली तर ‘स्प्लिट’ने तोडा, सोबत एसएचए२५६ ची (फाइल बदलली का ते सांगणारा ठसा) यादी ठेवा आणि आत गेल्यावर आधी तीच ताडून बघा.

कडक केलेल्या सर्व्हरवर ‘/टीएमपी’ हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर बऱ्याचदा नोएक्झेक असतो, म्हणजे तिथलं काही चालवता येत नाही. जावाच्या नेटिव्ह लायब्ररी आधी तिथेच उलगडतात आणि मग लोड होत नाहीत. जावाला टेंप फोल्डरचा पर्याय देऊन दुसरी जागा दाखवा.

परतताना गेटवर पेनड्राइव्हची नोंद बंद करून घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला तो अजून ‘आतच आहे’ म्हणून अडवतात.